एकच वाट, निरनिराळे मुक्काम
(प्युरीनचे विघटन आणि युरिक आम्ल)



या स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण देताना संयोजकांनी दोनच अटी घातल्या. विषय विज्ञानाचा असावा आणि भाषा मराठी असावी. ज्या विज्ञानशिक्षकांच्या स्मरणार्थ आपण इंदुरात दरवर्षी एकत्र येतो, त्यांचा आग्रह या दोन्ही गोष्टींसाठी सारखाच होता. जे आपल्या भाषेत समजावून सांगता येत नाही ते आपल्याला पुरते समजलेले नाही, असे ते मानीत. मी आयुष्यभर मराठी भाषा आणि साहित्य शिकविले. रसायनशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. म्हणून आज जे बोलणार आहे ते अधिकारी व्यक्ती म्हणून नव्हे, तर जिज्ञासू वाचक म्हणून. विषयाची निवड मात्र माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याने केली. तो एकदा रात्री असा ठणकला की पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना. डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले, औषध दिले, आराम पडला. कुतूहल मात्र शमले नाही.

आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या घरी रक्ततपासणीचा एखादा कागद असेल आणि त्यावर ‘युरिक अ‍ॅसिड’ अशी ओळ असेल. तो आकडा सातच्या पुढे गेला की घरात पथ्याची चर्चा सुरू होते. डाळी बंद, पालक बंद, टोमॅटो बंद. प्रत्येक शेजाऱ्याची यादी निराळी. या गडबडीत मूळ प्रश्न बाजूलाच राहतात. हे आम्ल शरीरात येते कोठून आणि जाते कोठे? आज मला या दोनच प्रश्नांचा मागोवा घ्यावयाचा आहे. वाट थोडी वळणाची आहे. ती पालीच्या विष्ठेवरून, सोयाबीनच्या मुळांवरून आणि शेवटी गिधाडांच्या मृत्यूवरून जाते.

प्रारंभ पेशीपासून करू. प्रत्येक सजीवाच्या आनुवंशिकतेचा मजकूर डीएनए या रेणूत चार अक्षरांनी लिहिलेला असतो. ॲडेनीन, ग्वानीन, सायटोसीन आणि थायमीन ही ती अक्षरे. यांपैकी पहिली दोन प्युरीन या रासायनिक कुळातील. या कुळाची खूण सोपी आहे. सहा अणूंचे एक कडे, पाच अणूंचे दुसरे कडे आणि दोन्ही एका बाजूने जोडलेली. या कड्यांतील चार अणू नत्राचे असतात. पेशीतील ऊर्जेचे चलन म्हणून ज्याचा उल्लेख होतो त्या एटीपीमध्येही ॲडेनीनच असते. म्हणजे जेथे जीवन आहे तेथे प्युरीन आहेच. ते केवळ मटणात किंवा डाळीत नसून आपल्या स्वतःच्या प्रत्येक पेशीत आहे. चहातील कॅफीनही याच कुळातले. त्याचे विघटन मात्र निराळ्या पदार्थांत होते, युरिक आम्लात नाही. तेव्हा व्याख्यानानंतरचा चहा सर्वांनी निर्धास्तपणे घ्यावा.

या विषयाचा इतिहास उलट्या दिशेने घडला आहे. शेवट आधी सापडला, आरंभ नंतर. स्वीडनमधील औषधविक्रेता कार्ल शेले याने १७७६ मध्ये मूतखड्यातून एक आम्ल वेगळे केले. मूत्राशी असलेल्या संबंधावरून पुढे त्याला युरिक आम्ल हे नाव मिळाले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १८८४ मध्ये, जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर याने या साऱ्या कुळाच्या मूळ सांगाड्याला ‘प्युरीन’ हे नाव दिले. शुद्ध या अर्थाचा ‘पुरुम’ आणि ‘युरिकुम’ या दोन लॅटिन शब्दांची त्याने सांगड घातली होती. पुत्राच्या नावावरून पित्याची ओळख व्हावी, तसा हा प्रकार. १८९८ मध्ये फिशरने प्युरीन प्रत्यक्ष तयार केले. शर्करा आणि प्युरीन यांवरील कार्यासाठी १९०२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले.

आता ती वाट पाहू. पेशी जुन्या होतात, मरतात. त्यांच्यातील डीएनए, आरएनए आणि एटीपी यांची मोडतोड होते. ॲडेनीनचा भाग टप्प्याटप्प्याने हायपोझँथीन या पदार्थाकडे येतो. ग्वानीनचा भाग झँथीनकडे येतो. पुढे झँथीन ऑक्सिडेज नावाचे एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, हायपोझँथीनचे झँथीन आणि झँथीनचे युरिक आम्ल करते. दोन्ही पायऱ्यांवर कारागीर एकच. हे विकर मॉलिब्डेनम या धातूवाचून चालत नाही आणि गाईच्या दुधात ते विपुल असते. दोन ओढे झँथीनपाशी एकत्र यावेत आणि पुढे एकच प्रवाह वाहावा, असे हे चित्र आहे.

मात्र सारेच प्युरीन या प्रवाहात पडत नाही. जुना वाडा उतरविताना त्याच्या सागवानी तुळया कोणी चुलीत घालीत नाही. त्या नव्या घराला लागतात. शरीरही सुटे झालेले प्युरीन मोठ्या प्रमाणात पुन्हा वापरात आणते. या काटकसरीसाठी स्वतंत्र विकरे आहेत. त्यांपैकी एक जन्मतःच निकामी असेल तर काय होते हे लेश-नायहान या विकारात दिसते. त्याचे वर्णन १९६४ मध्ये झाले. त्या मुलांच्या शरीरात युरिक आम्लाचा पूर येतो, हालचालींवर ताबा राहत नाही आणि ती स्वतःचेच ओठ व बोटे चावतात. काटकसरीचे एक दार बंद झाले तर केवढा अनर्थ होतो, याचे याहून दारुण उदाहरण मला ठाऊक नाही.

येथपर्यंतची वाट बहुतेक जीवांत सारखी आहे. खरा फरक पुढे पडतो. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिकेज नावाचे विकर युरिक आम्लाचे कडे फोडते आणि शेवटी ॲलंटॉइन हा पाण्यात सहज विरघळणारा पदार्थ तयार होतो. गाय, घोडा, उंदीर, मांजर यांचा मुक्काम तेथे. काही अस्थिमत्स्य त्यापुढे ॲलंटॉइक आम्लापर्यंत जातात. बरेच मासे आणि बेडकांसारखे उभयचर युरियापर्यंत पोहोचतात. समुद्रातील कित्येक अपृष्ठवंशी प्राणी तर अमोनियापर्यंत जाऊन पोहोचतात, कारण भोवती पाणीच पाणी असल्यामुळे अमोनियाचे विष धुऊन काढण्याची त्यांना चिंता नसते. कोळी ग्वानीनपाशीच थांबतो आणि तेच बाहेर टाकतो. माशाच्या खवल्यांवरील रुपेरी चमक ही पुष्कळदा ग्वानीनच्याच स्फटिकांची असते. वाट एक, कोणी दोन कोसांवर उतरतो, कोणी गावापर्यंत जातो.

पक्षी, सरडे, पाली आणि साप युरिक आम्लापाशी थांबतात. भिंतीवरच्या पालीची विष्ठा सर्वांनी पाहिली आहे. काळ्या कणाच्या टोकाला एक पांढरा ठिपका असतो. तो ठिपका म्हणजे युरिक आम्ल. पक्ष्यांच्या विष्ठेतील पांढरा भागही तोच. येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. आपल्या शरीरातील प्रथिनांचा उरलेला नत्र युरियाच्या रूपाने जातो. युरिक आम्ल केवळ प्युरीनपासून बनते. पक्षी मात्र प्रथिनांचा नत्रही युरिक आम्लाच्याच रूपाने टाकतात. त्यासाठी ते प्रथम नवे प्युरीन रचतात आणि मग ते मोडतात. टाकण्यासाठी घडवितात! म्हणूनच १९४० च्या दशकाच्या अखेरीस जॉन बुकॅनन आणि त्यांचे सहकारी प्युरीनची घडण शोधू लागले तेव्हा त्यांनी कबुतरांचा आश्रय घेतला. भाषेचा विद्यार्थी म्हणून मला येथे एका शब्दाची आठवण होते. ‘उत्सर्जन’ आणि ‘सर्जन’ हे दोन्ही शब्द ‘सृज्’ या एकाच धातूपासून आलेले आहेत. पक्ष्याच्या यकृतात ती व्युत्पत्ती अक्षरशः खरी ठरते.

पक्षी हा खर्चिक मार्ग का पत्करतात? उत्तर पाण्यात आहे. युरिया बाहेर टाकावयाचा तर त्याबरोबर बरेच पाणी द्यावे लागते. युरिक आम्ल पाण्यात फारच थोडे विरघळते. ते जवळजवळ घट्ट लगद्याच्या रूपात टाकता येते आणि पाणी वाचते. शिवाय कवचाच्या अंड्यातील पिलाला मळ बाहेर टाकण्याची सोयच नसते. विरघळणारे विष साचले तर ते पिलू मरेल. न विरघळणारे युरिक आम्ल मात्र एका पिशवीत निमूटपणे पडून राहते. म्हणजे अंड्यात कोंडलेल्या जीवाला या आम्लाची अविद्राव्यता तारते. हाच गुण पुढे मारकही होणार आहे, हे आपण ध्यानात ठेवावे.

वनस्पतींकडे वळताना दूर जावयास नको. आपल्या माळव्यातील सोयाबीनचे रोप उपटून पाहावे. त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांत हवेतील नत्र पकडणारे जिवाणू राहतात. हा नत्र पानांपर्यंत न्यावयाचा कसा? सोयाबीन, मूग, चवळी, तूर अशी उष्ण प्रदेशांतील कडधान्ये यासाठी गाठींत प्युरीन तयार करतात, ते मोडून युरिक आम्ल आणि त्यापासून ॲलंटॉइन व ॲलंटॉइक आम्ल बनवितात आणि हे पदार्थ देठातून वर पाठवितात. पाने त्यांतील नत्र काढून घेतात. प्राण्यांत जी मळ टाकण्याची वाट, तीच येथे शिदोरी पोहोचविण्याची वाट झाली आहे. एखाद्या पदार्थाला ‘टाकाऊ’ म्हणण्यापूर्वी तो कोणाच्या घरचा आहे हे विचारले पाहिजे, एवढे यावरून निश्चित होते.

आता आपल्या घरी येऊ. माणूस सस्तन असूनही युरिक आम्लापाशीच थांबतो. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान आणि गिबन हेही थांबतात. युरिकेजचे जनुक आपल्यात आजही आहे, पण मोडलेल्या कुलपासारखे. आपल्या पूर्वजांत ते सुमारे दीड ते दोन कोटी वर्षांपूर्वी निकामी झाले, असा अंदाज आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात प्राचीन युरिकेज प्रयोगशाळेत पुन्हा घडवून तपासण्यात आले. पूर्ण बंद पडण्यापूर्वीच त्याची शक्ती पिढ्यान्‌पिढ्या क्षीण होत गेली होती, असे त्यातून दिसले. हे का घडले याविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते युरिक आम्ल पेशींना ऑक्सिडीकरणाच्या हानीपासून वाचविते. काहींच्या मते दुष्काळी काळात फळांतील साखरेपासून चरबी साठविण्यास त्याची मदत झाली. दोन्ही अनुमानेच आहेत. किंमत मात्र निश्चित आहे. आपली मूत्रपिंडे गाळून आलेल्या युरिक आम्लापैकी सुमारे नव्वद टक्के पुन्हा रक्तात घेतात. आपण जणू काठोकाठ भरलेल्या हंड्यासह चालत आहोत.

रक्तातील पातळी दर शंभर मिलिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेली की सोडियम युरेटचे सुईसारखे स्फटिक पडण्याचा संभव निर्माण होतो. थंड जागी ते लवकर पडतात. पायाचा अंगठा हृदयापासून दूर आणि शरीराच्या मानाने थंड, म्हणून पहिला आघात पुष्कळदा तेथे होतो. हाच तो गाउट. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातरक्ताचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्या रोगाला ‘आढ्यवात’ असेही नाव दिले आहे. आढ्य म्हणजे धनवान. वातरक्त आणि गाउट तंतोतंत एक आहेत असे म्हणता येणार नाही. परंतु युरोपातही गाउटला राजेरजवाड्यांचा रोग म्हणत, हे साम्य विचार करावयास लावणारे आहे. रोग्यांच्या रक्तात हे आम्ल खरोखरच वाढलेले असते, हे लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड गॅरॉड यांनी १८४८ मध्ये दाखवून दिले. रक्तद्रवात आम्ल मिसळून त्यात एक सुताचा धागा ठेवावयाचा आणि त्यावर स्फटिक चिकटतात का ते पाहावयाचे, अशी त्यांची साधी कसोटी होती.

पथ्याविषयी दोन शब्द बोलणे आवश्यक आहे. शरीरातील प्युरीनचा सुमारे एक तृतीयांश भागच अन्नातून येतो; उरलेला आपल्याच पेशींतून. अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांचे बारा वर्षे निरीक्षण करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांस आणि मासे अधिक खाणाऱ्यांत गाउट अधिक आढळला. प्युरीनयुक्त भाज्या व शेंगवर्गीय पदार्थ यांचा तसा संबंध आढळला नाही आणि कमी स्निग्धांशाचे दूध उपकारकच दिसले. बीअरचा दोष मात्र पक्का आहे. तेव्हा वरणावर निष्कारण राग धरू नये. अंतिम सल्ला अर्थातच आपापल्या डॉक्टरांचा.

औषधाची कथाही बोधप्रद आहे. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज हे कर्करोगावरील एका औषधाचा शरीरात नाश होऊ नये म्हणून उपाय शोधीत होते. तो नाश झँथीन ऑक्सिडेज करी. त्याला अडविणारे ॲलोप्युरिनॉल हाती आले आणि ते युरिक आम्लाचीही निर्मिती रोखते असे दिसले. १९६६ पासून ते अमेरिकेत गाउटसाठी वापरात आहे. १९८८ मध्ये या दोघांना जेम्स ब्लॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. एलियनबाईंनी पीएच.डी. केलेली नव्हती, मी ती केली आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. पुढे बुरशीतील युरिकेज जैवतंत्राने तयार करून कर्करोगाच्या रुग्णांना देता येऊ लागले. उपचाराने पेशी एकदम मरतात तेव्हा प्युरीनचा लोंढा सुटतो. त्या प्रसंगी आपण गमावलेले विकर आपल्याला बुरशीकडून उसने घ्यावे लागते.

आणि आता गिधाड. मनुष्याने रसायनशास्त्रात एवढी मजल मारल्यानंतर घडलेली ही घटना आहे, हे कृपया लक्षात असू द्यावे.

१९९० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात गिधाडे मान खाली घालून बसलेली आणि झाडांवरून मरून पडलेली दिसू लागली. विभू प्रकाश यांनी ही घट नोंदविली. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीच्या गिधाडांची घटही सुमारे ९७ टक्के होती. एके काळी ज्यांची गणना कोणी करीत नव्हते, ते पक्षी एका पिढीच्या आत दिसेनासे झाले. प्रथम साथीच्या रोगाचा संशय आला. मृत गिधाडांचे शवविच्छेदन केल्यावर मात्र यकृतावर, हृदयावर, मूत्रपिंडांवर खडूची भुकटी शिंपडल्यासारखा पांढरा थर आढळला. तो युरिक आम्लाचा होता. माझ्या अंगठ्यात जे कणभर होते, ते त्या पक्ष्याच्या हृदयावर पसरले होते.

कारण २००४ च्या आरंभी उघड झाले. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील पंजाबात केलेल्या संशोधनात डायक्लोफिनॅक हे औषध दोषी ठरले. माणसांची सांधेदुखी शमविणारे हे स्वस्त औषध १९९० च्या दशकात गुरांनाही सर्रास दिले जाऊ लागले होते. औषध दिल्यानंतर लवकरच जनावर मेले तर त्याच्या मांसात ते शिल्लक राहते. ते मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. नत्र टाकण्याची त्याची मुख्य वाट तीच. युरिकेज नाही, म्हणून पुढचा मार्ग नाही. मूत्रपिंड बंद, म्हणून बाहेरचे दार नाही. अंड्यात ज्या अविद्राव्यतेने पिलाला तारले तीच आता पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचा जीव घेते, तोही काही दिवसांत. शंभर मृत जनावरांत एकाहूनही कमी जनावर असे दूषित असले तरी एवढा संहार होण्यास पुरेसे होते, असे गणिताने दिसून आले.

औषध गाईला सोसले, माणसाला सोसले. पण मेलेली गाय कोण खातो, हा प्रश्न कोणी विचारला नाही. त्याची किंमत केवळ गिधाडांनी मोजली नाही. मुंबईच्या पारशी समाजाची शतकांची अंत्यविधीची परंपरा अडचणीत आली. गावोगाव मृत जनावरे कुजत पडली आणि कुत्र्यांची संख्या वाढली. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख अधिक माणसे मृत्यू पावली असावीत, असा अंदाज मांडला आहे. हा अंदाज आहे, हे खरे; परंतु तो थरकाप उडविणारा आहे.

यातून सुटकेची वाटही ज्ञानानेच दाखविली. २००६ मध्ये भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली आणि त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध गिधाडांना अपायकारक नाही असे सिद्ध झाले. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात, म्हणून २०१५ मध्ये त्यांवर निर्बंध आला. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवरही गुरांसाठी बंदी घातली गेली. हरियाणात पिंजोरला आणि आपल्या भोपाळजवळ केरव्याला गिधाडांची संवर्धन केंद्रे उभी राहिली. मध्य प्रदेशातील २०२४ च्या गणनेत सर्व जातींची मिळून दहा हजारांहून अधिक गिधाडे मोजली गेली. हा आकडा दिलासा देणारा आहे. गमावलेल्या संख्येपुढे मात्र तो फारच लहान आहे.

रामायणात जटायूने रावणाला अडविले, कारण सीतेचा आक्रोश त्याने ऐकला. नाशिक जिल्ह्यात टाकेद येथे जटायू पडला असे आपण श्रद्धेने सांगतो. आपल्या काळातील जटायूला मात्र आपला शत्रू दिसलाही नाही. तो त्याच्या अन्नात होता, आणि तेथे तो आपणच ठेवला होता, कोणाचाही दुष्ट हेतू नसताना. द्वेषाने होणारा संहार आपल्याला ओळखता येतो. अपुऱ्या चौकशीने होणारा ओळखता येत नाही, आणि म्हणून तो अधिक काळ चालतो.

माझ्या आजच्या सांगण्याचे सार एवढेच. सर्व जीव एकाच वाटेचे प्रवासी आहेत. आपल्या पेशीतील ॲडेनीन आणि गिधाडाच्या पेशीतील ॲडेनीन यांत तिळमात्र भेद नाही. परंतु प्रत्येकाचा मुक्काम निराळा आहे. एकत्वाची जाणीव आपल्याला संतांनी दिली. निराळेपणाची नेमकी ओळख विज्ञान देते. पहिलीवाचून करुणा येत नाही आणि दुसरीवाचून ती करुणा कामी येत नाही. गुरांच्या वेदना शमाव्यात ही करुणाच होती. तिला पक्ष्याच्या मूत्रपिंडाचे ज्ञान असते तर लाखो जीव वाचले असते.

येथे बसलेल्या मुलांपैकी कोणी उद्या डॉक्टर होतील, कोणी पशुवैद्य, कोणी शेतकरी, कोणी औषधांचे दुकान चालवितील. एखादी वस्तू कोणाला उपकारक आहे हे विचाराल तेव्हा ती पुढे कोणाच्या पोटात जाणार आहे, हेही विचारा. आणि जे उत्तर मिळेल ते आपल्या गावच्या गुराख्याला समजेल अशा भाषेत त्याला सांगा. बंदीचा कागद दिल्लीत निघतो. सुई मात्र गोठ्यात टोचली जाते. त्या दोहोंमधील अंतर भाषेने तोडावे लागते. ज्यांच्या स्मृतीला आपण वंदन करतो त्यांनी या शाळेत तेच केले.